डोंगर, नदी आणि मनुष्यबळ : महाड-पोलादपूरच्या निमित्ताने

विशाल देशाच्या विकासाचा विचार करताना क्षेत्रफळ व लोकसंख्या यांचे प्रमाण काढून त्यावरून अनुमाने बांधण्याची पद्धत रूढ आहे. परंतु सरासरी जितके दाखविते, तितकेच झाकूनही ठेवते. रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील महाड व पोलादपूर हे दोन तालुके या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री नदी तीव्र उताराने खाली उतरून पोलादपूर व महाडवरून बाणकोटच्या खाडीस मिळते. येथे वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तथापि उताराची जमीन व मातीचा पातळ थर यांमुळे पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात वाड्यावाड्यांतून टंचाई भासते. खोऱ्यात भात, वरकस जमिनीवर नाचणी व वरी, असे हे बव्हंशी एकपिकी अर्थजीवन होय.

मात्र या भूमीस दारिद्र्य निसर्गानेच नेमून दिले, असे म्हणणे सयुक्तिक ठरणार नाही. भरतीचे पाणी जेथवर पोचते आणि घाटवाटा जेथे उतरतात, त्या सांध्यावर महाड वसले. गांधारपाले येथील लेणी या मार्गाच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. १६७४ साली राज्याभिषेकसमयी रायगड हे राजधानीचे स्थान होते. पुढे १८६३ साली लोहमार्ग बोरघाट चढला आणि देशावरील व्यापाराची मुख्य वाट बदलली. डोंगर व नदी तीच राहिली; त्यांचे मोल मात्र पालटले. कोकण रेल्वे पूर्णत्वाने सुरू झाली ती १९९८ साली.

मधल्या काळात या भागाची मुख्य निर्यात म्हणजे माणसे. तरुणांनी मुंबईच्या गिरण्यांची वाट धरली आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर घरे चालली. १९८२ च्या गिरणी-संपानंतर तो आधार खचला, परंतु स्थलांतर थांबले नाही. २०११ च्या जनगणनेत पोलादपूर तालुक्यात स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आढळते, ती याच कारणाने.

आता जिल्ह्याची आकडेवारी पाहावी. २००१ मध्ये रायगडची लोकसंख्या २२,०७,९२९ होती. २०११ मध्ये ती २६,३४,२०० झाली, म्हणजे सुमारे १९ टक्के वाढ झाली. ही वाढ मुख्यत्वे मुंबईलगतच्या पनवेल परिसराची आहे. त्याच दशकात पोलादपूरची लोकसंख्या घटली. केवळ जिल्ह्याच्या सरासरीवरून योजना आखणाऱ्यास ही घट दिसणारच नाही.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय नव्हे. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि महाड शहर पुराखाली गेले. डोंगरउतारावरील विरळ वस्तीस रस्ता, दवाखाना वा सुरक्षित जागी पुनर्वसन देण्याचा दरडोई खर्च मोठा असतो. म्हणून घनतेच्या निकषावर अशी वाडी नेहमीच मागे पडते.

भूगोल विकासाच्या मर्यादा आखतो, लोकसंख्या त्यास बळ पुरविते. पण त्या दोहोंचा मेळ घालण्याचे काम धोरणाचे आहे. ज्या खोऱ्याने महानगरास मनुष्यबळ दिले, त्याची गणना शिल्लक राहिलेल्या माथ्यांवरून करणे न्याय्य नव्हे. म्हणून प्रादेशिक नियोजनाचे एकक जिल्हा न मानता नदीखोरे मानावे, आणि जनगणनेच्या आकड्यांबरोबर स्थलांतराचाही हिशेब मांडावा, हे अधिक इष्ट होय.