फुटलेली जलवाहिनी आणि गावाची प्रकृती

‘मुख्य जलवाहिनी फुटल्याने उद्या शहराचा पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी सहकार्य करावे’ ही चार ओळींची सूचना वृत्तपत्रात वरचेवर छापून येते. ती वाचली की घरोघरी हंडे, कळश्या, पिंपे भरून ठेवण्याची धांदल उडते आणि नगरपालिकेच्या नावाने दोन शब्द सुनावून होतात. मात्र त्या खड्ड्यात उद्या जे काही घडेल, त्याचा आपल्या आतड्यांशी आणि यकृताशी फार जवळचा संबंध आहे, हा विचार फारसा कोणी करीत नाही. म्हणून आज या सदरात औषधांऐवजी पाइप, चर आणि व्हॉल्व्ह यांविषयी बोलणार आहोत.

खड्ड्यात फिटर असतो, बिगारी असतात. काठावर एक मनुष्य उभा असतो. कोठे तो पाणीपुरवठ्याचा कनिष्ठ अभियंता, कोठे पर्यवेक्षक, तर लहान गावात जुना मुकादमच. कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा, कोणी आत उतरायचे आणि पाणी केव्हा सोडायचे हे तो ठरवतो. लोकांच्या लेखी तो ‘पाणी अडवून धरणारा साहेब’ असतो. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर त्या दिवशी गावातल्या कोणत्याही डॉक्टरापेक्षा अधिक माणसांची प्रकृती त्याच्या हाती असते. हे अतिशयोक्तीचे वाटेल, पण लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडन या गावाने त्याची किंमत मोजलेली आहे.

१९३७ सालच्या शरद ऋतूत क्रॉयडनला पाणी पुरवणाऱ्या ॲडिंग्टन येथील विहिरीत दुरुस्तीचे काम निघाले. कामगार आत उतरून काम करीत होते. त्या काळात पाणी गाळण्याची आणि क्लोरीन देण्याची व्यवस्था बंद होती, तरीही त्या विहिरीचे पाणी गावाला जात होते. कामगारांपैकी एकाला पूर्वी टायफॉइड होऊन गेलेला होता. तो स्वतः धडधाकट दिसत होता, पण त्याच्या शरीरातून टायफॉइडचे जंतू बाहेर पडत होते. अशा माणसाला वैद्यकशास्त्रात ‘वाहक’ म्हणतात. परिणाम काय झाला? ३४१ जणांना टायफॉइड झाला आणि ४३ जण दगावले. पुढे चौकशी झाली. त्यात निष्कर्ष निघाला तो असा : विहिरीतील काम, वाहक कामगार आणि गाळणी-क्लोरीन बंद असणे या तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. आणखी एक गोष्ट उघड झाली. गावच्या आरोग्य अधिकाऱ्याला विहिरीत काम चालू आहे याची कल्पनाच नव्हती. ब्रिटनमध्ये आज पिण्याच्या पाण्याच्या अशा कामांवर जाणाऱ्याला आरोग्याची प्रश्नावली भरून द्यावी लागते, पाण्याच्या स्वच्छतेचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि मगच त्याला कामाचे कार्ड मिळते.

आपल्याकडे बिगाऱ्याला विचारले जाते ते एवढेच : ‘काय रे, उद्या येतोस ना?’ जुलाब चालू आहेत का, घरात कोणाला कावीळ आहे का, हे विचारण्याची रीत नाही. पर्यवेक्षकाने हे दोन प्रश्न रोज सकाळी विचारले आणि जुलाब असलेल्याला त्या दिवशी पाइपापासून दूरचे काम दिले, तर एक पैसाही खर्च होत नाही. मात्र त्याची हजेरी कापता कामा नये. कापली तर दुसऱ्या दिवसापासून कोणीच खरे सांगणार नाही. तसेच दिवसभर रस्त्यावर राबणाऱ्या माणसांसाठी जवळपास शौचालय कोठे आहे, हात धुवायला पाणी आणि साबण आहे का, हेही पाहावे लागते. ही सोय नसेल तर दोष त्या गरीब माणसाचा कसा म्हणावा?

आता पाणी बिघडते कसे ते पाहू. जलवाहिनी भरलेली आणि दाबाखाली असते तोवर एखादी फट असली तरी पाणी आतून बाहेर जाते. बाहेरची घाण आत शिरत नाही. व्हॉल्व्ह बंद झाला, पाणी ओसरले, की उलटे घडते. रिकामा होणारा पाइप आजूबाजूचे ओढून घेतो, आणि आजूबाजूला काय असते हे आपण सारे जाणतो. गटाराच्या कडेने, कित्येकदा गटारातूनच, घराघरांच्या नळजोडण्या गेलेल्या असतात. गंजलेल्या लोखंडी नळीला सुईच्या टोकाएवढे भोक पुरते. चोवीस तास पाणी देण्याची योजना कऱ्हाडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावाने राबवून दाखविली, तिचे कौतुक सोयीसाठी तर आहेच, पण पाइप सतत भरलेला राहतो हा तिचा आरोग्याला होणारा लाभ त्याहून मोठा आहे. जेथे पाणी दिवसाआड येते तेथे पाइप वरचेवर रिकामा होतो, आणि दुरुस्तीच्या दिवशी तर तो उघडाच पडतो.

म्हणून काठावरच्या माणसाचे खरे कौशल्य फुटका तुकडा बदलण्यात नसून त्या उघड्या तोंडाची राखण करण्यात आहे. पहिले म्हणजे, चर पाइपाच्या तळापेक्षा चांगली खोल खणून चिखलपाणी पंपाने सतत उपसत राहायचे, म्हणजे पाण्याची पातळी पाइपाच्या तोंडाखाली राहते. कापलेल्या तोंडाला घट्ट बूच बसवायचे. गोणपाटाचा बोळा कोंबलेला पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळतो. तो बोळा म्हणजे घाण गाळून आत सोडणारी गाळणीच! जोडावयाचा नवा तुकडा आणि कॉलर चिखलात लोळत ठेवू नयेत. जोडण्यापूर्वी ते आतून क्लोरीनच्या एक टक्का द्रावणाने पुसून घ्यावेत. हे द्रावण करणे सोपे आहे. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, तेव्हा दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम पावडर पुरते. निवळी घ्यावी, गाळ टाकून द्यावा, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. मात्र पावडर ताजी हवी. गोदामात दमट हवेत वर्षभर पडलेल्या पोत्यात क्लोरीन कमी आणि चुनाच जास्त उरतो.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच गाळली जाते. जोड झाल्यावर पुढचा वॉशआउट उघडून पाणी वाहून जाऊ द्यायचे. प्रथम लाल, मग गढूळ, मग स्वच्छ. तेवढ्यात कोणीतरी ओरडतो, ‘अहो साहेब, दोन दिवस आम्हाला थेंब नाही आणि तुम्ही पाणी गटारात सोडताय?’ नगरसेवकांचा फोन येतो, ‘आमच्या गल्लीत लग्नघर आहे, पाच वाजेपर्यंत पाणी आलेच पाहिजे.’ दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ‘पाण्याची नासाडी’ म्हणून छायाचित्रही येते (आम्ही लिहिणारी मंडळी यात मागे नाही). या दडपणापुढे भलेभले अधिकारी नमतात आणि चरातला चिखल थेट आपल्या माठात येऊन पोचतो. तेव्हा ते वाहून गेलेले पाणी नासाडी समजू नये. शस्त्रक्रियेपूर्वी सर्जन पाच मिनिटे हात धूत राहिला तर आपण त्याला पाण्याचा हिशेब विचारतो का?

पाणी स्वच्छ दिसू लागले की क्लोरीनची तपासणी. ओ.टी. चाचणीत पिवळा रंग येतो, डीपीडी चाचणीत गुलाबी. दुरुस्ती झालेल्या भागातील शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसला पाहिजे. टाकीपाशी रंग आला म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. साथ घाण शिरलेल्या गल्लीतून सुरू होते, टाकीपासून नव्हे.

कोणी म्हणेल, क्लोरीन आहे ना, मग एवढा सोवळेपणा कशाला? त्यांनी दिल्लीची हकिकत ऐकावी. १९५५ च्या अखेरीस यमुनेच्या प्रवाहातील बदलामुळे नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपशापर्यंत पोचले. जलशुद्धीकरण केंद्रातील लोकांनी क्लोरीन वाढविला. टायफॉइड आणि हगवण वाढली नाही, परंतु थोड्याच आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ही हिपॅटायटिस ‘ई’ प्रकारची कावीळ होती हे पुष्कळ वर्षांनी समजले. म्हणजे जंतूंना आवरणाऱ्या क्लोरीनला मैल्यातून आलेल्या या विषाणूने दाद दिली नाही. आपल्या राज्यात २०१२ साली इचलकरंजीने याच रोगाची मोठी साथ भोगली. ही कावीळ धडधाकट माणसाला बहुधा सोडून देते, मात्र शेवटच्या तीन महिन्यांतील गर्भवतींना ती झाली तर त्यांच्यातील शेकडा २० ते २५ स्त्रिया दगावू शकतात. घाण आत येऊच न देणे हाच यावर पहिला उपाय, क्लोरीन दुसरा.

या काविळीची लक्षणे पाणी पोटात गेल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतात. तोवर चर बुजलेली असते, वर डांबर पडलेले असते आणि दुरुस्ती कोठे झाली हे कोणाच्याच ध्यानात नसते. म्हणून पर्यवेक्षकाची वही फार मोलाची. कोणत्या तारखेला, कोणत्या चौकात, कोणता व्हॉल्व्ह किती वाजता बंद केला, किती वाजता उघडला, ओ.टी. किती आली, एवढ्या पाच नोंदी असल्या तर साथीचे मूळ शोधणाऱ्या डॉक्टरांचे अर्धे काम होते. कामाची सूचना वृत्तपत्राबरोबर आरोग्य विभागालाही जावी. क्रॉयडनमध्ये नेमके तेच राहून गेले होते.

खड्ड्यातल्या माणसाच्या जिवाबद्दल थोडे लिहिलेच पाहिजे. दीड मीटरपेक्षा खोल चरीच्या भिंतींना फळ्या आणि टेकू हवेत. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाच्या वर जाते आणि छातीवर ती पडली तर वर डोके मोकळे असूनही श्वास घेता येत नाही. व्हॉल्व्हचे चेंबर हे तर निरुपद्रवी दिसणारे संकट. बंद चेंबरमध्ये गंज चढताना हवेतला प्राणवायू खर्च होतो, शेजारच्या गटारातला वायू झिरपतो. सडक्या अंड्याचा वास येतो आणि थोड्या वेळात येईनासा होतो, तेव्हा वायू गेलेला नसतो, नाक बधिर झालेले असते. झाकण उघडून चांगली हवा खेळू द्यावी, प्राणवायू मोजावा, कमरेला दोर बांधून एकाने उतरावे, वर दोघांनी थांबावे. आतला कोसळला तर त्याला काढायला तसेच उतरू नये, कारण असे वाचवायला गेलेलेच अनेकदा मरतात. जुन्या गावांत ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप अजून आहेत. ते यंत्राच्या चकतीने कोरडे कापले की उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनी रोग उभा करते. पाणी टाकत हातकरवतीने कापावे. पावसाळ्यात चिखलात उभे राहणाऱ्यांना गमबूट द्यावेत आणि पायाला जखम असलेल्याला पाण्यात उतरवू नये, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते.

आणि आपण घरी काय करावे? आपल्या भागात दुरुस्ती झाली की पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये, ते झाडांना किंवा फरशीला वापरावे. नंतरचे पाणीही दोन-तीन दिवस खळखळून उकळूनच प्यावे. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. नळाला थेट मोटार लावू नये, ती पाइपात पोकळी निर्माण करून गटाराचे पाणी ओढते, आणि त्याचा प्रसाद शेजाऱ्यालाही मिळतो. पाण्याला वास किंवा रंग असेल तर फोनवर भांडण्यापेक्षा घराचा नेमका पत्ता आणि वेळ कळवावी. स्वयंपाकघरातील ज्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडता, त्यावरच दुरुस्तीची तारीख लिहून ठेवावी. पुढच्या दोन महिन्यांत घरात कोणाचे डोळे पिवळे झाले तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.