बिल्डिंगखाली बार उघडतोय आणि महापालिका म्हणते, 'आमचा संबंध नाही'. मग लायसन्स देतं कोण?

समजा, तुम्ही कल्याण पश्चिमेला खडकपाड्यात राहता. बिल्डिंगखालचा गाळा वर्षभर बंद होता. एक दिवस तिथे फर्निचरचं काम सुरू होतं, काळ्या काचा लागतात आणि वॉचमन सांगतो, 'इथे बार होतोय.' सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडतो. सेक्रेटरी काका पन्नास सह्यांचं पत्र घेऊन शंकरराव चौकातल्या महापालिकेच्या मुख्यालयात जातात.

तिथे उत्तर मिळतं, 'दारूचं लायसन्स आम्ही देत नाही.'

ऐकायला ही टोलवाटोलवी वाटते, पण कायद्याने हे उत्तर बरोबर आहे. गंमत म्हणजे याच महापालिकेने 2025 मध्ये एका आदेशाने शहरातली सगळी मटण-चिकनची दुकानं 24 तासांसाठी बंद ठेवायला सांगितली होती. मग चिकनच्या दुकानावर हुकूम चालतो आणि बारवर का नाही? आणि यात शेजारी राहणाऱ्या माणसाला कुणी विचारतं का? सोपं करून बघूया.

15 ऑगस्टचा तो आदेश

ऑगस्ट 2025 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या परवाना विभागाने एक आदेश काढला. 14 ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून 15 ऑगस्टच्या मध्यरात्रीपर्यंत शेळ्या-मेंढ्या, कोंबड्या आणि मोठ्या जनावरांचे कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकानं बंद ठेवायची, नाहीतर कारवाई होईल, असं त्यात म्हटलं होतं.

त्यावरून राज्यभर वाद पेटला. विरोधकांनी 'आम्ही काय खायचं हे तुम्ही ठरवणार का?' असं विचारलं. सरकारमधलेच उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही अशी बंदी योग्य नाही, असं म्हटलं. महापालिकेने 1988 च्या जुन्या ठरावाकडे बोट दाखवलं आणि खाण्यावर बंदी नाही, दुकानं आणि कत्तलखान्यांपुरता हा आदेश आहे, असा खुलासा केला.

आपल्या विषयासाठी यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे महापालिकेला हा अधिकार परवान्यातून मिळतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 376 नुसार जीविताला, आरोग्याला किंवा मालमत्तेला धोका होऊ शकतो किंवा लोकांना उपद्रव होऊ शकतो असे ठरावीक धंदे महापालिकेच्या परवान्याशिवाय करता येत नाहीत. मांसविक्री आणि कत्तलखान्यांवरही याच कायद्याखाली महापालिकेचं नियंत्रण असतं. अटी मोडल्या तर कलम 386 खाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. आधीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट 15 जानेवारी 2026 ला झाली. पाच वर्षांहून जास्त काळ आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे परवान्याच्या निर्णयावर सभागृहात प्रश्न विचारायलाही कुणी नव्हतं.

मग बारला परवानगी कोण देतं?

बार म्हणजे एक लायसन्स नसतं. एका दुकानामागे चार-पाच ऑफिसं असतात.

- दारू: महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 खाली राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या यंत्रणेतून जिल्हाधिकारी परवाना देतात. कल्याण ठाणे जिल्ह्यात येतं, त्यामुळे फाइल ठाण्याला जाते. परमिट रूमचा परवाना एफएल-3, वाईन शॉपचा एफएल-2, बिअर शॉपीचा एफएलबीआर-2 आणि देशी दारूच्या दुकानाचा सीएल-3.
- खाणं: अन्न सुरक्षा कायद्याचा परवाना, म्हणजे एफडीए.
- आग: महापालिकेचं अग्निशमन दल. 2006 च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचा 'ब' नमुन्यातला दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो.
- ऑर्केस्ट्रा, गाणंबजावणं: पोलीस. कल्याण ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं.
- बांधकाम: गाळ्यात केलेले बदल, मोकळ्या जागेत टाकलेली शेड, फुटपाथवर आलेली टेबलं, हे सगळं महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाचं काम.

म्हणून सेक्रेटरी काकांचं पत्र चुकीच्या टेबलावर पडलं. 'बार नको' हे ठाण्याला सांगायचं होतं. महापालिकेला सांगायचं होतं की 'गाळ्याची मागची भिंत तोडून मोकळ्या जागेत किचन बांधलंय.' दोन्ही तक्रारी खऱ्या, पण दारं वेगळी.

शेजाऱ्याला आधी विचारतात का?

दारूच्या दुकानासाठी शाळा आणि धार्मिक स्थळांपासूनच्या अंतराचे नियम आहेत. पण वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या माणसाला विचारायची पद्धत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. बोर्ड लागला की कळतं.

तुलनेसाठी इंग्लंड बघा. तिथे 2003 च्या कायद्यानुसार दारूविक्रीचा परवाना स्थानिक कौन्सिल देतं. अर्जदाराला दुकानाबाहेर फिकट निळ्या कागदावर 28 दिवस नोटीस लावावी लागते. त्या मुदतीत शेजारी हरकत घेऊ शकतात. अशी हरकत आली आणि तडजोड झाली नाही, तर कौन्सिलच्या समितीसमोर सुनावणी होते. अट एकच. हरकत गुन्हेगारी, सार्वजनिक सुरक्षा, उपद्रव किंवा मुलांचं संरक्षण यापैकी कशाशी तरी जोडलेली हवी. 'आम्हाला दारू पिणारे लोक आवडत नाहीत' एवढं कारण चालत नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारं पाऊल मार्च 2025 मध्ये पडलं. तेव्हा उत्पादन शुल्क खातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान सुरू करायचं असेल, तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र बंधनकारक असेल. कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरात, जिथे जवळपास प्रत्येक बिल्डिंगच्या तळमजल्यावर गाळे असतात, तिथे ही मोठी गोष्ट आहे.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. राज्यात वाईन शॉपचे नवे परवाने 1970 च्या दशकापासून जवळपास बंदच आहेत. तुमच्या नाक्यावर 'नवीन' उघडलेलं वाईन शॉप बहुतेक वेळा जुन्याच परवान्याचं स्थलांतर असतं. म्हणून चौकशी करताना 'नवीन परवाना दिला का?' एवढंच विचारू नका. 'या पत्त्यावर स्थलांतराला मंजुरी दिली का?' हेही विचारा. नाहीतर 'नवीन काही नाही' असं उत्तर मिळेल आणि ते खोटंही नसेल.

आडवी बाटली म्हणजे काय?

दुकान सुरू झाल्यावरही एक मार्ग आहे, मतदानाचा. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू ठेवा, आडवी म्हणजे बंद करा.

2008 च्या नियमांनुसार प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी किंवा 25 टक्के एकूण मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हायला निम्म्याहून जास्त मतदारांनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. इथे निम्मे म्हणजे मतदानाला आलेल्यांचे निम्मे नाहीत, यादीतल्यांचे निम्मे. मार्च 2025 मध्ये सभागृहात, महापालिकेच्या वॉर्डात झालेल्या मतदानापैकी 75 टक्के मतं विरोधात गेली तर दुकान बंद करण्याची कारवाई होईल, असंही सांगण्यात आलं.

गावात हे जमतं, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. शहरात गणित बदलतं. समजा एका प्रभागात 20,000 महिला मतदार आहेत. नुसतं मतदान घ्यायलाच 5,000 सह्या लागतील आणि जुन्या नियमाने जिंकायला 10,000 हून जास्त मतं. ज्यांच्या खिडकीखाली बार आहे ती कुटुंबं चाळीस. बाकीच्यांना तो बार दिसतही नाही.

बार दीडपर्यंत, पण आवाज?

बहुतेक तक्रारी खरं तर दारूच्या नसतातच. रात्रीचा आवाज, गेटसमोर लावलेल्या बाईक, जिन्यात बसलेली टोळकी, या असतात.

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परमिट रूमला रात्री दीडपर्यंत परवानगी असते. पण ध्वनिप्रदूषण नियम, 2000 मध्ये रात्र 10 वाजता सुरू होते आणि सकाळी 6 ला संपते. त्या वेळेत निवासी भागाची मर्यादा 45 डेसिबल, व्यापारी भागाची 55. म्हणजे दीडपर्यंत चालू राहायचा परवाना हा दीडपर्यंत स्पीकर वाजवायचा परवाना नाही. हे दोन वेगळे नियम आहेत आणि दुसरा बऱ्याचदा कुणी सांगतच नाही.

'तक्रार केली तर नाव कळेल' ही भीतीही खरी असते. रोज त्याच गल्लीतून जायचं असतं. 23 जानेवारी 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्यातल्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवर निकाल दिला. प्रकरण धार्मिक स्थळांवरच्या भोंग्यांचं होतं, पण त्यात न्यायालयाने पोलिसांना सांगितलं की आवाजाच्या तक्रारीवर तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करा. 112 वर फोन करताना हे माहीत असलेलं बरं.

तक्रार फाइलमध्ये राहिली तर?

6 डिसेंबर 2025 च्या रात्री गोव्यात हडफडे इथल्या एका नाइट क्लबला आग लागली. 25 जणांचा जीव गेला. नंतर समोर आलं की या जागेबद्दल तक्रारी आधीपासून होत्या. सरपंचांनी सांगितलं की पंचायतीने बांधकाम पाडायची नोटीस दिली होती, पण वरच्या कार्यालयाने तिला स्थगिती दिली. एका हाताने नोटीस, दुसऱ्या हाताने स्थगिती आणि क्लब चालूच.

मुंबईत 29 डिसेंबर 2017 ला कमला मिलच्या आगीत 14 जण गेले, तेव्हाही प्रश्न हेच होते. बेकायदा शेड, अडवलेली वाट, तपासणी कुणी केली? प्रत्येक वेळी दुर्घटनेनंतर बुलडोझर निघतो. जून 2024 मध्ये पुण्यातल्या ड्रग्ज प्रकरणानंतर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या आदेशावरून ठाणे आणि मीरा-भाईंदरमध्येही अनधिकृत बार-पबवर हातोडा पडला. जे बांधकाम एका दिवसात अनधिकृत ठरलं, ते आधी कुणाला दिसलंच नव्हतं का?

म्हणून शेजाऱ्याच्या तक्रारीकडे नुसती कटकट म्हणून बघू नये. आगीचा रस्ता अडलाय हे सगळ्यात आधी त्यालाच दिसतं.

पण दुकानदाराचंही ऐका

शेजाऱ्यांची प्रत्येक हरकत योग्यच असते असं नाही. 'इथे मटणाचं दुकान नको' यामागे कधी घाणीचा त्रास असतो, तर कधी फक्त दुसऱ्याच्या ताटाबद्दलची नावड. 15 ऑगस्टच्या आदेशाने हेच दाखवलं. ज्याने परवाना घेतला, फी भरली, त्याचं दुकान स्वच्छ की अस्वच्छ हे न बघता सरसकट शटर खाली करायला सांगितलं. एका दिवसाची कमाई गेली ती त्याची आणि त्याच्याकडच्या कामगारांची.

न्यायालयांनीही ही रेघ ओढली आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डान्सबारसाठीची धार्मिक स्थळं आणि शिक्षणसंस्थांपासून एक किलोमीटर अंतराची अट रद्द केली, कारण शहरात ती पाळणं अशक्य होतं आणि नियमनाच्या नावाखाली ती बंदीच ठरत होती. त्याच निकालात संध्याकाळी 6 ते रात्री 11:30 ही वेळेची मर्यादा मात्र कायम राहिली.

आधी नोटीस आणि सुनावणी झाली तर दोघांचाही फायदा आहे. रहिवाशाला बोर्ड लागण्याआधी बोलता येईल आणि दुकानदाराला लाखो रुपये घातल्यावर मोर्चा बघावा लागणार नाही.

मग सध्या करायचं काय?

1. गाळ्यात काम दिसताच सोसायटीची सर्वसाधारण सभा घ्या आणि ठराव करा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'आमचा विरोध आहे' कागदावर मोजला जात नाही.
2. दारूसंबंधी पत्र जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांना द्या. बांधकामाचं पत्र प्रभाग कार्यालयाला, आगीचं अग्निशमन दलाला. प्रत्येक पत्राची पोच घ्या.
3. माहिती अधिकारात 10 रुपये फी भरून परवान्याची प्रत, मंजूर नकाशा, अटी आणि अग्निसुरक्षेचा शेवटचा दाखला मागा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे.
4. आवाज, पार्किंग, भांडणं यांची तारीख-वेळेसह नोंद ठेवा. 'रोज त्रास होतो' यापेक्षा 'या महिन्यात अकरा वेळा, रात्री 12 नंतर' याला वजन असतं.
5. नगरसेवकांना गाठा. दारूचा परवाना त्यांच्या हातात नाही, पण परवाना विभाग, अग्निशमन आणि अतिक्रमण यांचा जाब सभागृहात ते विचारू शकतात.

पाच वर्षं कल्याण-डोंबिवलीत हा पाचवा मुद्दा लिहिताच आला नसता. आता 122 नगरसेवक आहेत. तुमच्या प्रभागात अग्निसुरक्षेचा जुलैचा दाखला किती हॉटेलांनी दिला, एवढा एक प्रश्न त्यातल्या एकाने जरी सभागृहात विचारला, तरी सुरुवात होईल.