आरसा कोठें लावावा?

संस्कृतांत आरशाला ‘आदर्श’ म्हणतात आणि आपला मराठी ‘आरसा’ त्याच शब्दाचा वंशज आहे. ‘ऐना’ फारसींतून आला. ‘दर्पण’ संस्कृतांतून जसाच्या तसा आला आणि बाळशास्त्री जांभेकरांनीं १८३२ सालीं आपल्या पत्रास तेंच नांव दिलें. देवपूजेच्या राजोपचारांत छत्रचामरांबरोबर दर्पणही असतो. इतक्या मानाच्या वस्तूला घरांत मात्र बहुधा जागा मिळते ती न्हाणीघराच्या दाराशीं, एका खिळ्यावर! तिचा याहून पुष्कळ अधिक उपयोग आहे. मला तो लहानपणीं एका प्रसंगानें कळला.

आमचें घर जुन्या पद्धतीचें, चौकाचें. ओसरीवर लख्ख उजेड, परंतु माजघरांत भर दुपारींही दिवा लावावा लागे. वीज तोंपर्यंत आमच्याकडे आली नव्हती. त्या माजघराच्या कोपऱ्यांत वडिलांच्या आत्या बसत. त्यांना बालपणींच वैधव्य आलें होतें आणि त्या काळच्या रूढीप्रमाणें कुंकवाबरोबर आरसाही सुटला होता. पोथी वाचणें हा एकच विरंगुळा. पण दृष्टि अधू झालेली. एके दिवशीं वडिलांनीं दिवाणखान्यांतला मोठा बिलोरी आरसा उतरवून माजघराच्या बाजूच्या भिंतीवर लावला. चौकाच्या दारांतून येणारा उजेड त्यावर तिरपा पडे आणि तेथून वळून आत्याबाईंच्या पाटावर येई.

घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं कुरकुर केली. विधवेच्या बसण्याच्या जागीं आरसा! वडील एवढेंच म्हणाले, “तो तोंड पाहण्यासाठीं नाहीं, पोथी वाचण्यासाठीं आहे.” आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. आरशाकडे पाठ करून त्या वाचूं लागल्या. पुढें बऱ्याच दिवसांनीं, दुपारची निजानीज झाल्यावर, मीं त्यांना आरशासमोर उभ्या असलेल्या पाहिलें. मला पाहून त्यांनीं पदर सारखा केला व म्हणाल्या, “आमच्या आईसारखी दिसायला लागलें रे मी.” त्या वेळीं मला त्यांतलें कांहीं कळलें नाहीं.

आतां व्यवहाराकडे वळूं. आरसा उजेड निर्माण करीत नाहीं. आलेला उजेड परतवितो. किरण ज्या कोनानें आरशावर पडतो त्याच कोनानें परततो, हा नियम आपण शाळेंत शिकलों. म्हणून खिडकीच्या अगदीं समोर लावलेला आरसा पुष्कळसा उजेड खिडकीबाहेरच पाठवितो. खिडकीला लागून असलेल्या आडव्या भिंतीवर तो लावला, तर तोच उजेड खोलीच्या आंतल्या भागीं पोंचतो. चुन्याची पांढरी भिंत उजेड सर्व बाजूंना विखुरते, आरसा तो एकाच दिशेला धाडतो. तेव्हां आधीं भिंती पांढऱ्या कराव्या, मग आरसा लावावा. ऊन थेट त्यावर पडूं देऊं नये, डोळे दिपतात.

दुसरी गोष्ट उंचीची. सबंध शरीर दिसण्यास आरसा आपल्या उंचीच्या निम्मा पुरतो. जवळ उभे राहा वा दूर, त्यांत फरक पडत नाहीं. ५ फूट ८ इंच उंचीच्या पुरुषाचे डोळे सुमारें ५ फूट ४ इंचांवर असतात. त्याला आरशाची वरची कड ५ फूट ६ इंचांवर आणि खालची २ फूट ८ इंचांवर हवी. ४ फूट उंचीच्या मुलाला हीच खालची कड १ फूट १० इंचांवर लागते. एकत्र कुटुंबांत दोघांचेंही काम भागवावयाचें, तर जमिनीपासून १ फूट १० इंचांवर सुरू होणारा, ३ फूट ८ इंच उंचीचा आरसा घ्यावा. ज्याच्या त्याच्या मापाचा निराळा आरसा घेण्यापेक्षां हें स्वस्त पडतें.

आरशापुढें काय आहे, तेंही पाहावें. समोरची वस्तु जितकी पुढें, तितकीच ती आरशांत मागें दिसते. म्हणून लहान खोली ऐसपैस भासते. पण समोर खुंटीवर लोंबणारे कपडे असतील, तर पसाराही दुप्पट होतो. समोर पुस्तकांचें कपाट असावें, दारांतली तुळस असावी. हल्लींच्या सदनिकांत गॅलरींतल्या चार कुंड्याही पुरेशा होतात. दोन आरसे समोरासमोर मात्र टांगूं नयेत. प्रतिबिंबांची ती अखंड रांग केशकर्तनालयांत शोभते, घरांत नाहीं.

जुने आरसे कथील व पारा यांच्या लेपाचे असत आणि पाऱ्याच्या वाफेनें कारागिरांची प्रकृति बिघडे. १८३५ सालीं लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें कांचेवर रुप्याचा पातळ थर बसविण्याची रीति शोधली. पुढें तिच्यामुळें आरसा सामान्य माणसाच्या घरीं आला. केरळांत आरन्मुळ येथें अजूनही तांबें व कथील यांच्या मिश्र धातूचे, घांसून घांसून चकचकीत केलेले आरसे होतात. कांचेच्या आरशाला मात्र ओल सोसत नाहीं. पावसाळ्यांत भिंत पाझरली कीं कडांना काळे डाग पडूं लागतात. म्हणून आरसा आणि भिंत यांच्यांत थोडी फट ठेवावी आणि पुसतांना पाणी आरशावर न ओततां फडक्यावर घ्यावें. वर सांगितलेल्या उंचीचा, दीड फूट रुंदीचा व ४ मिलिमीटर जाडीचा आरसा चौकटीवांचून ५ किलो भरतो. तो एका खिळ्यावर दोरीनें टांगणें म्हणजे घरांतल्या लेंकरांच्या डोक्यावर संकट टांगणें होय. दोन पक्के आंकडे वर आणि खालून लाकडी पट्टीचा आधार, इतकें असावेंच.

हें सर्व करण्यापूर्वीं आपल्या घरांतली सर्वांत अंधारी जागा कोणती आणि तेथें कोण बसतें, हें पाहून घ्यावें. मग सुताराला बोलवावें.