तावदानातले आडवे बुडबुडे

नौपाड्यातल्या एका जुन्या दुमजली घराची तावदानं पाडकामाआधी उतरवत होते. एक मी मागून घेतलं. डोळ्यांसमोर धरून मान जराशी हलवली की समोरची केबलची तार वळवळते. शेजारचे काका म्हणाले, "काच म्हणजे घट्ट द्रवच. इतक्या वर्षांत ओघळली बघ." शाळेत मलाही हेच सांगितलं होतं.

पण काच ओघळलेली नाही. याच तावदानात तांदळाच्या दाण्यासारखे लांबट बुडबुडे आहेत, आणि चौकटीत ते आडवे होते. काच खाली सरकली असती तर ते उभे ताणले गेले असते. ते लांबले कारखान्यात, काच ओढली त्या दिशेने. वितळलेल्या कथलावर काच पसरवायची फ्लोट पद्धत १९५९ साली जाहीर झाली. तोवर खिडकीची साधी काच फुंकून किंवा ओढून करत; तिची जाडी कमीजास्त व्हायचीच. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या मध्ययुगीन काचेसारख्याच घटकांची काच तपासून २०१७ साली शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: अब्ज वर्षांत ती जेमतेम एक नॅनोमीटर सरकेल. आपल्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच तर रोज ज्योतीची धग सोसायची, तरी वाकायची नाही. साधी काच सैल पडू लागायला साधारण साडेपाचशे अंश सेल्सिअस लागतात.

पण म्हणून तिला स्फटिक समजणंही चूक. मिठाच्या खड्यात अणू शिस्तीत रांगेने बसलेले असतात. काचेत ते द्रवात होते तसेच अस्ताव्यस्त, फक्त जागच्या जागी अडकलेले. 'क्रिस्टल'चे महागडे ग्लासही काचेचेच.

चिक्कीचं बघा. गुळाच्या पाकाचा थेंब पाण्यात टाकला आणि कडक होऊन ताटलीवर टणकन वाजला, की पाक झाला. साखरेच्या रेणूंना रांग धरायला उसंत मिळाली नाही, म्हणजे तीही काचच. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की हवेतलं पाणी त्या रेणूंमध्ये शिरतं, मऊ पडायचं तापमान खाली येतं, आणि चिक्की डब्याच्या तळाला चिकटते. काकांची ओघळणारी काच ही अशी असते.

अव्यवस्थित रचनांचं गणित उलगडल्याबद्दल जॉर्जिओ पारिसी यांना २०२१ सालचं नोबेल मिळालं. तरी निवताना रेणूंची मांडणी जवळजवळ तशीच राहते, मग त्यांचं वाहणं का थांबतं, यावर भौतिकशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.