लडाखच्या घरातील हिवाळ्याची बेगमी

मृग लागण्याआधी आपल्या घरोघरी एकच धांदल असते. घर शाकारायचे, ताडपत्री बांधायची, सरपण-गोवऱ्या आत घ्यायच्या, डाळी-पापड डब्यात भरायचे. चार महिन्यांच्या पावसासाठी आपण एवढे करतो. मग ज्यांचा हिवाळा जवळजवळ सहा महिन्यांचा आणि पारा उणे वीस अंशांपर्यंत उतरणारा, त्यांनी काय करावे? 2023 च्या सप्टेंबरात आम्ही कचेरीतील चौघे जण रजा-प्रवास सवलतीवर सहकुटुंब लडाखला गेलो, तेव्हा ही बेगमी आम्ही डोळ्यांनी पाहिली.

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. श्रीनगरकडचा रस्ता झोजिला खिंडीत बर्फाने अडतो. मनालीच्या बाजूला रोहतांगखालून 2020 साली अटल बोगदा सुरू झाला, तरी त्यापुढच्या उंच खिंडी हिवाळ्यात बंदच होतात. श्रीनगरहून आलेल्या मोठ्या वीजवाहिनीचे उद्घाटन 2019 साली झाले. पण आम्ही उतरलो ती पाच-सहा घरांची डोंगरातील वस्ती अजून तारेच्या पलीकडेच होती. घरमालकीण साठीच्या पुढची. तिकडे आईला ‘आमा-ले’ म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू लागलो. तिचा मुलगा हिंदी बोलणारा, त्यामुळे अडचण पडली नाही.

घर कच्च्या विटांचे, भिंती हातभर जाड. छताला पॉप्लरची वासे, त्यावर विलोच्या काटक्या, झुडपे आणि माती. अशी भिंत दिवसा ऊन पिते आणि रात्री सावकाश ऊब सोडते. आमा-लेचा मुलगा छताच्या भेगा चिखलाने लिंपत होता. बर्फ पडले की ते लगेच फावड्याने खाली ओढायचे, नाहीतर वितळून गळती लागते, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक. छताच्या कडेने लसूणघासाच्या वाळलेल्या पेंढ्या रचल्या होत्या. गुरांचा चारा तो, आणि भिंतीवर पांघरूणही. गुरे तळमजल्यावर बांधतात. हिवाळ्यात सारे कुटुंब त्यांच्याच शेजारच्या एका स्वयंपाकघरात येऊन राहते. दहा खोल्या तापवण्यापेक्षा एक खोली नीट तापवावी, हा त्यातला हिशेब.

जळणाला लाकूड नाहीच म्हणा. उन्हाळाभर कुरणात हिंडून वाळलेले शेण गोळा करायचे, हे काम बहुतेक बायका-मुलींचे. ओढे गोठण्यापूर्वी भाजलेले सातू पाणचक्कीवर दळून घेतात. जर्दाळू, पालेभाज्या आणि ताकापासून केलेले छुर्पे उन्हात वाळवतात. बटाटे, सलगम, गाजरे जमिनीत खड्डा करून पुरतात. मातीखाली गोठण्याइतकी थंडी पोहोचत नाही, म्हणून भाजी वसंतापर्यंत टिकते.

नळ गोठतो म्हणून त्यातील पाणी आधीच काढून टाकतात आणि बारमाही झऱ्यावरून घागरी भरतात. संडास कोरडा. जमिनीला भोक, खाली बंद खोली, वरून माती आणि राख टाकायची. पाणीच नाही, तर गोठणार काय? वसंतात तेच खत होऊन शेतात जाते. आम्ही मुद्दाम विचारले, “हे वाहायला कोण येते?” मुलगा बुचकळ्यात पडला. म्हणाला, “कोण येणार? आमचे आम्हीच.” भंगीकामासाठी वेगळी जात लागत नाही, हे ऐकून आमच्या मंडळींना केवढे बरे वाटले!

नव्याची जोडही या घराने घेतली आहे. दक्षिणेकडची भिंत काळी रंगवून तिच्यापुढे थोड्या अंतरावर काच बसवली आहे. मधली हवा उन्हाने तापते आणि वरच्या झरोक्यातून खोलीत येते. रात्री झरोके बंद करायचे. 1983 साली लेहमध्ये स्थापन झालेल्या लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुपसारख्या संस्थांनी अशा भिंतींचा तिकडे प्रसार केला. छतावर सौर पट्टी आहे, तिच्यावरचे बर्फ रोज झाडतात. बॅटरी मात्र घरात ठेवायची आणि भरलेली ठेवायची, कारण रिकाम्या बॅटरीतील पाणी थंडीत गोठून ती फुटते.

आणि एक गोष्ट आमा-लेने दोनदा बजावली. निजताना शेगडीतला विस्तव खोलीत ठेवायचा नाही. धुराड्याची नळी थंडीआधी साफ करायची आणि एक फट उघडी ठेवायची. कोळशाच्या वायूला रंग नाही, वास नाही, निजलेला माणूस उठतच नाही. आपल्याकडेही थंडीत दार लावून शेगडी पेटवणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

त्या खोलीचा जीव म्हणजे मधली लोखंडी चूल. नक्षीदार, काळीभोर. ती कोणी केली विचारताच मुलगा म्हणाला, “गाराने. म्हणजे लोहाराने. विळे, फाळ सगळे त्याचेच.”

“मग लग्नात तो कुठे बसतो?”

मुलगा खाली पाहू लागला. “पंगतीच्या शेवटी. दाराजवळ.”

आम्ही गप्प झालो. गारा, मोन आणि बेडा या जमाती तिकडे कमी लेखल्या जातात. मोन आणि बेडा वाजंत्री वाजवणारे. त्यातही बेडा बहुतेक भूमिहीन. ज्याला जमीन नाही त्याला सातू कुठले, चारा कुठला, शेण कुठले? 1989 साली या तिन्ही जमातींची नावे अनुसूचित जमातींत आली. पण सरकारी यादीत नाव आले म्हणून पंगतीतली जागा बदलत नाही. बुद्धमूर्तीपुढे रोज दिवा लागतो त्याच घरात हे ऐकावे लागले, याचे फार वाईट वाटले.

आमा-ले मात्र शांतपणे म्हणाली, “मुले शिकली, आता थोडे बदलते आहे. तुमच्याकडे नाही ना असे?”

बांधवांनो, आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी आपल्याला जातिविहीन धम्म दिला, तरी सोयरीक जुळवताना आपण हळूच पोटजात विचारतोच. ते आमा-लेला कसे सांगावे?

घराची बेगमी कशी करावी हे लडाखकडून जरूर शिकावे. काहीही वाया न घालवणे, उन्हाची आणि मातीची कदर करणे, आपला मैला आपणच वाहणे, हे सारे घेण्यासारखे आहे. पण ज्याच्या हातच्या चुलीने घर उबदार होते, त्याला दाराच्या गारठ्यात बसवणारे घर, तिकडचे असो की आपले, हिवाळ्यासाठी अजून तयार झालेले नाही.