शिर्डीचा चेहरा: ओळखीच्या शंभर वर्षांचा मागोवा

हेमाडपंतांच्या श्रीसाईसच्चरितात 40व्या अध्यायात दोन जेवणं आहेत. पहिलं डहाणूला, मामलेदार देवांच्या घरी. आईच्या व्रताचं उद्यापन होतं आणि साईबाबांना शिर्डीला निमंत्रण गेलं होतं. एक संन्यासी दोन सोबत्यांना घेऊन आला, जेवला आणि गेला. बाबा आलेच नाहीत म्हणून देवांनी शिर्डीला तक्रारीचं पत्र धाडलं. बाबांचं म्हणणं असं, की मी दोघांना घेऊन आलो होतो, तुम्हीच ओळखलं नाही. दुसरं जेवण वांद्र्याला, खुद्द हेमाडपंतांकडे, 1917च्या होळीला. पहाटे बाबा स्वप्नात येऊन जेवायला येतो म्हणाले. दुपारी पानं वाढून झाली आणि दोन माणसं बाबांची गुंडाळलेली तसबीर घेऊन दारात आली. तसबीर मधल्या पाटावर ठेवली, नैवेद्य दाखवला, मग पंगत बसली.

चमत्कार म्हणून हा अध्याय घरोघरी वाचतात. मला त्यात माणसाच्या मनाची मोठी जाण दिसते. दारात आलेला माणूस ओळखू येत नाही आणि चित्र मात्र माणसासारखं पाटावर बसतं. चेहरा कुणाचा हे कळणं आणि तो आपला वाटणं ही मनाची दोन वेगळी कामं आहेत. मानसशास्त्राने ती वेगळी करून मांडली पुढच्या सत्तरएक वर्षांत.

बाबांनी 15 ऑक्टोबर 1918ला, दसऱ्याला, देह ठेवला. पाच वर्षांनी, 1923मध्ये, पॅरिसमध्ये जोसेफ काप्ग्रा या मनोविकारतज्ज्ञाने एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली. घरच्या माणसांचे चेहरे तिला तंतोतंत तसेच दिसत, पण ही आपली माणसं नव्हेत, कुणी तोतये आहेत, अशी तिची खात्री होती. याचा उलगडा 1990मध्ये हेडन एलिस आणि अँड्र्यू यंग यांनी सुचवला: चेहरा जुळतो, पण त्याबरोबर एरवी जी माया उसळते ती उसळत नाही, आणि मन त्या पोकळीचा अर्थ ‘तोतया’ असा लावतं. याच्या उलट बाजूचा एक रुग्ण 1984मध्ये रसेल बाउअर यांनी तपासला होता. त्याला चेहरे ओळखता येत नव्हते, तरी योग्य नाव कानावर पडलं की तळहाताच्या त्वचेवर बारीकसा विद्युत फरक नोंदला जाई. त्याच्या तोंडाला जे सांगता येत नव्हतं ते शरीराला ठाऊक होतं.

इकडे शिर्डीत बाबांच्या पश्चात पिढी पालटत होती. बाबांना डोळ्यांनी पाहिलेले लोक कमी होत गेले आणि तसबिरी वाढल्या. शिळेवर बसलेले, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर टाकलेले बाबा हीच बहुतेकांची ओळख झाली. समाधीपाशीही बरीच वर्षं तसबीरच होती. मग मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांच्याकडे मूर्तीचं काम आलं. इटलीचा संगमरवर, आणि हाताशी छायाचित्राचा आधार. सपाट कागदावरून गालाची खोली आणि कपाळाचा उतार काढणं किती अवघड, हे मूर्तिकामाशी संबंध असलेल्यालाच उमजेल. 7 ऑक्टोबर 1954ला, पुन्हा दसऱ्यालाच, मूर्तीची स्थापना झाली. आज गावोगावच्या साईमंदिरांत दिसणारं रूप बहुतांशी तालमांच्या हातचं आहे. 1977मध्ये सुधीर दळवींनी पडद्यावर बाबा उभे केले आणि कित्येकांच्या मनात तोही चेहरा त्यात मिसळला.

ज्याला कधी भेटलो नाही त्याचा चेहरा पाहून डोळे का भरून यावेत? रॉबर्ट झायन्स यांनी 1968मध्ये दाखवलं, की अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रं जितक्या जास्त वेळा समोर येतात तितकी ती आवडू लागतात. 1980मध्ये त्यांनी आणि कुन्स्ट-विल्सन यांनी वेडेवाकडे अष्टकोन सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते दाखवले. पाहिलेला कोणता, हे लोकांना सांगता येईना. बरोबर उत्तरं 48 टक्के, म्हणजे निव्वळ अंदाज. पण जास्त आवडतो तो निवडा म्हटल्यावर 60 टक्के वेळा पाहिलेलाच निवडला गेला. आधी आकलन की आधी भावना, यावर रिचर्ड लॅझरस यांनी झायन्सशी वाद घातला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. त्याच 1980मध्ये जॉर्ज मँडलर यांनी बसमध्ये दिसलेल्या खाटकाचं उदाहरण दिलं. माणूस ओळखीचा वाटतो, पण दुकान भोवती नसल्याने कोण ते आठवत नाही. देवांची डहाणूत हीच अडचण झाली असावी, असं मला वाटतं. शिर्डीची मशीद आणि धुनी भोवती नव्हती, आणि संन्याशाच्या वेषात बाबा कोण शोधणार!

या प्रयोगांनी श्रद्धा खोटी ठरत नाही. आवड कशी रुजते हे सांगणं म्हणजे ती कुणावर आहे याचा निवाडा करणं नव्हे. दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहून मूर्तीसमोर मोजके क्षण मिळतात. ज्यांना तेवढंही जमत नाही ते लांबून मुखदर्शन घेतात. बाहेर आलेल्या बाईला विचारलं तर ‘माझ्याकडे बघून हसले बाबा’ असं ती सांगते. संगमरवराचे ओठ 1954पासून हललेले नाहीत. पण घरच्या देव्हाऱ्यात, रिक्षाच्या काचेवर, दिनदर्शिकेवर, आजीच्या लॉकेटात तिने तोच चेहरा आयुष्यभर पाहिलेला असतो, आणि त्या प्रत्येक वेळची माया बरोबर घेऊनच ती राहात्यावरून पुढे शिर्डीत उतरलेली असते.