टॉवर समोर दिसतो, मग घरात रेंज का नाही? इमारतीतल्या अँटेनांचा बाजार समजून घेऊ

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, रेशनचे ई-केवायसी असो की बँकेचा व्यवहार, शेवटी सगळे मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीवर येऊन थांबते. ओटीपीची वेळ संपते, तोवर मुलगा जिन्यात किंवा गच्चीवर रेंज शोधत असतो. उंच इमारतींत राहायला गेलेल्या आपल्या अनेक कुटुंबांचा हा रोजचा अनुभव आहे. "कंपनीचे नेटवर्कच भिकार" असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण दोष नेहमी टॉवरचा नसतो. टॉवरची लहर भिंतीपर्यंत येते, आत शिरत नाही. ती आत आणण्याचा एक स्वतंत्र धंदा आहे, आणि तो कोणाच्या दारात जातो व कोणाच्या दारात जात नाही, हे आपल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे असे आम्हाला वाटते.

आधी भिंतीचे बघू. जुन्या चाळीच्या विटांच्या भिंतीतून आणि लाकडी खिडकीतून लहर बऱ्यापैकी आत येत असे. आजचे टॉवर बहुतेक अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटचे असतात, म्हणजे आतल्या भिंतीही विटांच्या नाहीत, तर लोखंडी जाळी घातलेल्या काँक्रीटच्या. कार्यालयांच्या काचांवर उष्णता अडवण्यासाठी धातूचा पातळ थर असतो, तो मोबाइलची लहरही अडवतो. या क्षेत्रात घट डेसिबलमध्ये मोजतात. 20 डेसिबल घट म्हणजे शक्तीचा शंभरावा भाग उरला, 30 म्हणजे हजारावा. त्यात फाइव्ह-जी मुख्यतः 3,300 मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालते आणि लहरीची वारंवारता जितकी जास्त तितकी ती भिंतीत लवकर मरते. म्हणून फोर-जी मिळते त्याच खोलीत फाइव्ह-जी मिळत नाही.

यावरचा उपाय म्हणजे डिस्ट्रिब्युटेड अँटेना सिस्टिम. इंग्रजी लघुरूप वाचले तर मराठीत 'डास' होते, पण काम चावण्याचे नाही! कल्पना सोपी आहे. पाण्याची एक मोठी टाकी गच्चीवर आणि प्रत्येक घरात नळ, तसे एका खोलीत कंपनीचे मुख्य यंत्र आणि तिथून केबलने मजल्या-मजल्यावर, छताला लावलेल्या छोट्या अँटेना. इमारत लहान असेल तर साधी तांब्याची केबल आणि सिग्नल वाटणारे जोड पुरतात. पण लांब केबलमध्ये सिग्नल झिजतो, म्हणून विमानतळ, मोठी रुग्णालये, मेट्रो स्थानके अशा ठिकाणी ऑप्टिकल फायबर टाकून जागोजागी तो पुन्हा ताकदीचा करणारी यंत्रे बसवतात. बोगद्यात तर अँटेनाऐवजी मुद्दाम फटी ठेवलेली केबल भिंतीवरून नेतात. त्या फटींतून सिग्नल झिरपत राहतो आणि धावत्या गाडीत फोन चालतो.

या धंद्यात आता मोठा पैसा आहे. अमेरिकेतल्या अँफेनॉल कंपनीने कॉमस्कोपचा बाहेरच्या नेटवर्कचा आणि अशा अँटेना प्रणालींचा व्यवसाय सुमारे 2.1 अब्ज डॉलरला घेतला, तो सौदा जानेवारी 2025 मध्ये पूर्ण झाला. मात्र आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यंत्र कोण बनवते ही नाही. इमारतीत ते कोण बसवते आणि भाडे कोणाकडून घेते, हे पाहायला हवे.

त्याचे तीन मार्ग आहेत. एखादी मोबाइल कंपनी स्वतःच्या खर्चाने स्वतःपुरती प्रणाली बसवते, मग बाकी कंपन्यांचे ग्राहक कोरडे राहतात. किंवा इमारतीचा मालक स्वतः बसवतो. तिसरा मार्ग तटस्थ कंपनीचा. ती एकदाच केबल टाकते आणि सगळ्या मोबाइल कंपन्यांना त्यावर जागा देऊन भाडे घेते. पहिल्या भाडेकरूत खर्च निघू लागतो, दुसरा-तिसरा आला की नफा. कागदावर हा मार्ग सर्वांत चांगला, कारण एकाच्या जागी चार केबली लटकत नाहीत. पण एकच कंपनी दाराशी बसली की ती मागेल ते भाडे, हा धोकाही त्यातच आहे.

मुंबईने तो धोका पाहिला. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही मेट्रो 3 मार्गिका 33.5 किलोमीटरची, 27 पैकी 26 स्थानके जमिनीखाली. पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, पूर्ण मार्ग ऑक्टोबर 2025 मध्ये. मेट्रो महामंडळाने निविदा काढून एका तटस्थ कंपनीला काम दिले होते. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेचे म्हणणे असे की मागितलेले भाडे अवाजवी आहे, आम्हाला परवानगी द्या, आम्ही सामाईक जाळे स्वतः टाकतो. या ओढाताणीत प्रवाशाला काय मिळाले? खाली उतरल्यावर मुका झालेला फोन. तिकिटाचे पैसे यूपीआयने भरायचे, तर त्यासाठी स्थानकावर वायफाय द्यावे लागले. हजारो कोटींचा बोगदा खणताना केबलचा प्रश्न आधी सुटला नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

लंडनच्या भुयारी रेल्वेनेही 2021 मध्ये एका तटस्थ कंपनीला 20 वर्षांचे कंत्राट दिले, आणि त्या जाळ्यावर तिथल्या चारही मोबाइल कंपन्या आल्या. म्हणजे पद्धत वाईट नाही. कंपन्यांना आधी टेबलाशी बसवले का, एवढाच फरक.

आता आपल्या वस्त्यांकडे येऊ. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पहिल्या 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 रोजी चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात, चाळीस मजली इमारतीत. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरही काम चालू आहे, झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती तर शहरभर आहेत. या घरांत आपला समाज मोठ्या संख्येने आहे. विक्रीच्या इमारतीत बिल्डर स्वतः मोबाइल कंपन्यांना बोलावतो, कारण रेंज नसेल तर फ्लॅट विकत नाही. पुनर्वसनाच्या इमारतीत विकायचे काही उरलेले नसते. तिथे मागणारा कोणी नसेल तर कंपनी स्वतःहून येत नाही, तिला मॉल आणि आयटी पार्क जास्त जवळचे. वसतिगृहे आणि सरकारी रुग्णालये याच रांगेत.

मागायला आधार मात्र आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींच्या डिजिटल जोडणीला तारांकित मानांकन देण्याचे नियम केले. फायबरची सोय, मोबाइलची रेंज, वायफाय, प्रत्यक्ष वेग हे त्यात तपासले जाते. अडचण अशी की मालकाने स्वतःहून अर्ज करायचा आहे. पुनर्वसनाच्या इमारतीचा अर्ज कोण करणार? म्हाडा आणि झोपु प्राधिकरण यांनी ताबा देण्याआधी हे मानांकन घ्यावे, अशी मागणी संघटनांनी लेखी करायला हरकत नाही. दूरसंचार कायदा 2023 आणि 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेले मार्गाधिकाराचे नियमही सार्वजनिक जागेत परवानगी देताना भेदभाव नको, असेच सांगतात.

चाव्या मिळण्याआधी विचारायचे प्रश्न साधे आहेत. केबल वर नेण्यासाठी वेगळी पोकळी ठेवली आहे का, यंत्रासाठी खोली आणि वीज गेल्यावर चालेल असा पुरवठा आहे का. नंतर भिंती फोडून केबल टाकणे फार महागात जाते. सोसायटी झाल्यावर कोणी करार घेऊन आले तर त्यात "फक्त आमचीच केबल" अशी अट नाही ना, वीजबिल वेगळ्या मीटरवर आहे ना, हे बघूनच सही करावी. गच्चीचे भाडे मिळते म्हणून घाईने सही करणाऱ्या सोसायट्या पुढे दहा-पंधरा वर्षे अडकतात.

बाजारात मिळणारा स्वस्त बूस्टर लावू नका. परवान्याशिवाय तो लावणे बेकायदा आहे आणि त्याच्या गोंगाटाने आजूबाजूच्या टॉवरवरचे इतरांचे कॉल बिघडतात. तुमची रेंज वाढते, शेजारच्याची जाते. घरी ब्रॉडबँड असेल तर फोनमधले वायफाय कॉलिंग चालू करा, निदान बोलणे तरी होईल.

किरणोत्सर्गाची भीती अनेक सभासद बोलून दाखवतात. त्यांची चेष्टा करू नये, पण समजावून सांगावे. छतावरच्या छोट्या अँटेनाची शक्ती गच्चीवरच्या टॉवरच्या मानाने अगदी थोडी असते. उलट रेंज नसते तेव्हा कानाला लावलेला फोनच दूरच्या टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी पूर्ण जोर लावतो. बॅटरी लवकर उतरते ती त्यामुळेच.

शेवटी उघड्या मैदानाचा प्रश्न. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर फोनवर रेघा पूर्ण दिसतात आणि कॉल लागत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. रेघा सिग्नलची ताकद दाखवतात, त्यात जागा शिल्लक आहे की नाही ते दाखवत नाहीत. तिथे अडचण भिंतीची नसते, एका टॉवरवर लाखो फोन तुटून पडल्याची असते. क्रीडांगणांत यावर उपाय म्हणून मैदानाचे लहान तुकडे पाडतात, खांबांवर छोट्या अँटेना लावतात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र क्षमता देतात. चाकांवरचे तात्पुरते टॉवर ही त्याचीच कामचलाऊ आवृत्ती. हरवलेली आजी, चुकलेले मूल, रुग्णवाहिका, यांच्यासाठी स्वयंसेवकांचा फोन लागला पाहिजे. महापालिका आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वतयारीच्या बैठकीत पाणी, शौचालये, मंडप यांच्या यादीत किती तात्पुरते टॉवर, कोणत्या कंपन्यांचे आणि कुठे, हे लेखी मागावे. डिसेंबरसाठी ते पत्र ऑक्टोबरमध्येच जायला हवे, कारण फायबर टाकायची परवानगी आठवड्यात मिळत नाही.